मराठवाड्यात छत उघडणारी छोटी स्पोर्ट्स कार: लातूरच्या वाचकांना उत्तर

लातूरच्या एका वाचकांनी विचारले आहे की, घरात कुटुंबासाठी मोठी गाडी आहेच, पण कॉलेजच्या दिवसांपासून मनात असलेली छत उघडणारी छोटी स्पोर्ट्स कार आता घ्यावी असे वाटते. पुण्यात त्यांनी दोन वापरलेल्या गाड्या पाहून ठेवल्या आहेत. एक 2016 नंतरच्या पिढीची, कापडी छताची मिनी कूपर एस कन्व्हर्टिबल आहे आणि दुसरी तिच्या आधीच्या काळातली, घडी होणाऱ्या ॲल्युमिनियमच्या छताची बीएमडब्ल्यू झेड-4. आपल्याकडचे ऊन, धूळ आणि रस्ते पाहता ही हौस झेपेल का, दोहोंपैकी कोणती घ्यावी आणि घेतल्यावर सुख मिळेल की नुसती काळजी, असा त्यांचा प्रश्न आहे. छत्रपती संभाजीनगरात माझे गॅरेज असून अशा गाड्यांची कामे मी बरीच वर्षे करतो आहे आणि स्वतःही अशी एक गाडी बाळगून आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हौस झेपेल. दोहोंपैकी कापडी छताची मिनी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र या गाडीकडून अपेक्षा कसली करायची हे आधी ठरवावे लागते, कारण जे लोक वर्षभरात कंटाळून गाडी विकायला काढतात त्यांची अपेक्षा बहुधा वेगाची असते आणि ही गाडी वेगासाठी घ्यायची नसते. आपल्या भागात ती घ्यायची ती ठरावीक ऋतूंसाठी आणि ठरावीक वेळांसाठी. दसऱ्यापासून शिवरात्रीपर्यंतच्या सकाळ-संध्याकाळ आणि पावसाळ्यातल्या उघडिपी, एवढा काळ तिचा आहे, आणि तो कमी नाही.

छोट्या उघड्या गाडीचा आनंद कशात असतो हे समजून घ्यायचे तर माझदा एमएक्स-5 या गाडीकडे पाहावे. ती भारतात अधिकृतपणे कधीच विकली गेली नाही, तरी या जातीच्या गाड्यांचे माप आजही तिच्यावरूनच काढले जाते. फेब्रुवारी 1989 मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा मांडली गेली, तेव्हा तिचे इंजिन 1.6 लिटरचे, ताकद सुमारे 115 अश्वशक्ती आणि वजन एक टनाच्या आत होते. घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत, ही कल्पना धरून जपानी अभियंत्यांनी ती घडवली आणि 2016 पर्यंत तिचे दहा लाख नग तयार झाले. ताकद बेताची, वजन कमी, बैठक जमिनीलगत आणि डोक्यावर आकाश, एवढ्यावर ती गाडी जगभर चालली. ताशी पन्नास-साठ किलोमीटरलाही चालकाला रस्त्याचा प्रत्येक चढउतार हाताला आणि पाठीला कळतो. ज्याला यात रस आहे त्याला लातूर-औसा रस्त्यावरही सुख मिळते आणि ज्याला नाही त्याला समृद्धी महामार्गावरही मिळणार नाही.

समृद्धीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. 701 किलोमीटरचा हा रस्ता जालना आणि संभाजीनगरजवळून जातो, मोटारींसाठी तिथे ताशी 120 ची मर्यादा आहे, आणि उघड्या गाडीसाठी मला तो सर्वांत कमी आवडतो. समोरच्या काचेवरून उडालेली हवा आसनांमागच्या पोकळीत वळते आणि मागून मानेवर येऊन आदळते. ताशी ऐंशीच्या पुढे हा मारा इतका वाढतो की शेजारच्या माणसाशी बोलता येत नाही आणि तासाभरात डोके जड होते. बाजूच्या काचा वर ठेवल्या आणि आसनांमागे वाऱ्याची जाळी लावली तर बराच फरक पडतो, त्यामुळे गाडी घेताना ही जाळी सोबत मिळते का, हे अवश्य विचारा, कारण नंतर ती वेगळी मिळवणे महागात पडते. समृद्धीवरून जायचेच असेल तर छत लावून जावे. शिवाय तिथला काँक्रीटचा पृष्ठभाग उन्हाळ्यात टायर फार तापवतो, म्हणून निघण्यापूर्वी थंड टायरमध्येच हवा तपासावी.

आता दोन गाड्यांपैकी निवड. झेड-4 ही सुंदर आणि ताकदवान गाडी आहे, इंजिनाची ताकद मागच्या चाकांना देणारी आहे आणि तिचे छत लावले की आतली शांतता चांगल्या सेडानसारखी असते. तरीही लातूरमध्ये राहणाऱ्या माणसाला ती मी सुचवत नाही. घडी होणाऱ्या धातूच्या छताला तेलाच्या दाबावर चालणारा पंप, अनेक सिलिंडर, प्रत्येक टप्प्यावर जागा सांगणारे सेन्सर आणि प्रत्येक घडीबरोबर वाकणाऱ्या वायरी असतात. यांतली एक कडी निखळली की छत अर्ध्यात थांबते. अर्धे उघडलेले छत घेऊन पुणे किंवा हैदराबाद गाठायचे म्हणजे गाडी फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट पाठीच्या ट्रकवर, चढवावी लागते, आणि ते जूनमध्ये घडले तर आतला चामड्याचा सगळा साज पावसात भिजतो. दुसरे असे की छत उघडले की त्या गाडीची डिकी 310 लिटरवरून 180 लिटरवर येते, म्हणजे दोघांचे दोन दिवसांचे सामानही नीट बसत नाही. मिनीची डिकीही लहानच आहे, पण मागे दोन छोटी आसने असल्याने पिशव्या तिथे जातात. तिचे दोन लिटरचे टर्बो इंजिन 192 अश्वशक्तीचे आहे, जे आपल्या रस्त्यांना पुरून उरते. छत अठरा सेकंदांत उघडते आणि ताशी तीस किलोमीटरपर्यंत चालत्या गाडीतही उघडते-मिटते, हा गुण वळवाचा पाऊस अचानक आला की फार कामाला येतो. कापडी छतही यंत्रानेच उघडते, पण त्याची यंत्रणा साधी आणि हलकी असते आणि कापड थकले तर चांगला कारागीर ते बदलू शकतो.

तिसरा मार्ग कोणी सुचवेल तर तो मात्र कानांआड करा. जुन्या सेडानचे किंवा हॅचबॅकचे छत कापून तिला उघडी करून देणारे मिस्त्री आपल्याकडे आहेत. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार गाडीच्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही, पण कायद्याच्याही आधी मला भीती वाटते ती सांगाड्याची. आजच्या बहुतेक मोटारींना वेगळी चेसिस नसते. तळ, खांब आणि छत मिळून जी पेटी तयार होते तीच गाडीला ताठ ठेवते. कारखान्यातून उघडी निघालेल्या गाडीत दरवाजांखालचे उंबरे जाड केलेले असतात आणि समोरच्या काचेच्या चौकटीत मजबूत पोलाद भरलेले असते, जेणेकरून गाडी उलटली तरी माणसांचे डोके वाचावे. छत कापलेल्या गाडीला जॅक लावला की दरवाजे लागत नाहीत, कारण तळच वाकलेला असतो. अशा गाडीत घरच्या माणसांना बसवू नये.

कारखान्यातून आलेल्या गाडीतही खड्ड्यावर डॅशबोर्ड आणि आरसा किंचित थरथरतो. हे या जातीचे स्वाभाविक लक्षण आहे, दोष नव्हे, पण आपल्या रस्त्यांवर ते जास्त जाणवते आणि त्याला टायर बऱ्याच अंशी जबाबदार असतात. या दोन्ही गाड्या बहुधा रनफ्लॅट टायरवर येतात. पंक्चर झाले तरी काही अंतर चालता यावे म्हणून या टायरची बाजू कडक केलेली असते, त्यामुळे धक्के थेट अंगावर येतात आणि खोल खड्ड्यात रिमला मार बसतो. पुढच्या वेळी टायर बदलताना त्याच मापाचे, चांगल्या कंपनीचे साधे ट्यूबलेस टायर टाकावेत आणि डिकीत हवा भरण्याचा छोटा पंप व पंक्चरचा किट ठेवावा. गाडी जणू वेगळीच वाटू लागते. विकत घेताना टायरच्या बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचा. 2319 असेल तर तो टायर 2019 च्या 23 व्या आठवड्यात बनला आहे. अशा गाड्या कमी चालतात, त्यामुळे नक्षी शिल्लक दिसते पण रबर म्हातारे झालेले असते. सहा वर्षांपुढचा टायर नक्षी कितीही असली तरी बदलावा आणि त्याची रक्कम व्यवहारातून वजा करून घ्यावी.

गाडी खाली असते, हे खरेच. साध्या हॅचबॅकच्या पोटाखाली 165 ते 170 मिलिमीटर जागा असते, तर या गाड्यांना पुष्कळदा 120 ते 140 च्या आसपास मिळते. गावोगावी लोकांनी घातलेले उंच गतिरोधक तिरपे, एकेक चाक चढवून ओलांडावे लागतात. मागे दोन माणसे बसवून हे जमत नाही, म्हणून मागची आसने सामानासाठीच समजावीत.

आता या गाडीच्या आरोग्याचा गाभा, म्हणजे पाणी जाण्याचे मार्ग. छत कापडी असो की धातूचे, त्याच्या कडांवरून आलेले पाणी पन्हळीत उतरते आणि आसनांच्या मागच्या बाजूने दोन्हीकडच्या बारीक नळ्यांतून जमिनीवर जाते. गाडी खराब होण्याची सुरुवात मी जवळजवळ नेहमी या नळ्यांपासून होताना पाहिली आहे. आपल्याकडची काळी माती वाळली की पिठासारखी उडते आणि ओली झाली की चिकट होते. त्यात फाल्गुन-चैत्रातला कडुलिंबाचा पाला आणि चिंचेची बारीक पाने मिसळली की नळीच्या तोंडाशी घट्ट बूच बसते. मग पाणी आत, गालिच्याखाली उतरते. वरून काही दिसत नाही. सहा महिन्यांनी कुबट वास येतो, आसनांचे रूळ गंजतात आणि गालिच्याखालचे इलेक्ट्रॉनिक भाग बंद पडतात. उपाय स्वस्त आहे. छत अर्धे उघडून नळीचे तोंड शोधावे, गवत कापण्याच्या यंत्रात वापरतात तो नायलॉनचा दोर, टोक थोडे गोल करून, हलक्या हाताने आत सरकवावा, आणि मग तांब्यातून थोडे थोडे पाणी सोडावे. दुसऱ्या माणसाने गाडीखाली पाहावे. पाणी लगेच धारेने आले तर मार्ग मोकळा आहे, थेंबथेंब आले तर अजून काम बाकी आहे, आणि आलेच नाही तर ते कुठे गेले हे गालिचा उचलून पाहिल्याशिवाय गाडी हलवू नये. कॉम्प्रेसरची जोरदार हवा मात्र मारू नका, कारण आतला सांधा निसटला की नळी पुन्हा बसवण्यासाठी अर्धी गाडी उघडावी लागते. हे काम मृगाच्या आधी एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा करावे.

पुण्यात गाडी पाहायला जाल तेव्हाही हीच परीक्षा घ्या. मीटरवरचे किलोमीटर मी दुय्यम मानतो. आसनांमागचा गालिचा हाताने दाबून ओल आहे का पाहा, डिकीच्या तळाचे आवरण उचलून गाळाची रेघ दिसते का पाहा, आणि छत सलग तीनदा उघडून मिटवून घ्या. पहिल्यांदा नीट चालणारी थकलेली यंत्रणा तिसऱ्या खेपेला रडते, हा अनुभव आहे. मुंबईत राहिलेली गाडी असेल तर खारट हवेमुळे दरवाजांखालचे उंबरे आणि तळाचे सांधे जॅकवर उचलून बघावेत.

कापडाची निगा अवघड नाही, पण आपल्याकडच्या सवयी तिच्या विरुद्ध जातात. वॉशिंग सेंटरवर जोराच्या फवाऱ्याने शिवणी फुगतात आणि आतल्या रबराच्या थरापर्यंत पाणी पोहोचते. बोअरचे जड पाणी वाळले की काळ्या कापडावर पांढरे डाग राहतात. म्हणून सावलीत, मऊ ब्रशने, सौम्य शाम्पूने आणि शक्यतो साठवलेल्या पावसाच्या किंवा फिल्टरच्या पाण्याने धुवावे आणि वर्षातून एकदा कापडाचे पाणीरोधक द्रव्य फवारावे. ओले छत कधीही घडी करून ठेवू नये, कारण एका रात्रीत बुरशीचे ठिपके धरतात. छताच्या आणि काचांच्या कडांच्या रबरी पट्टीला, म्हणजे बीडिंगला, ग्रीस किंवा रॉकेल न लावता सिलिकॉनचे द्रव्य बोटाने पातळ लावावे. मे महिन्यात पारा 42-43 वर जातो तेव्हा रबर चिकटते आणि छत उघडताना फाटते. ज्याने बीडिंग जपली त्याचे छत दहा वर्षे टिकते.

गाडी ठेवायला पक्की, हवेशीर जागा हवी. नुसत्या पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळ्यात भट्टी होते, त्यामुळे पत्र्याखाली उष्णतारोधक थर द्यावा. लातूर सोयाबीनची मोठी बाजारपेठ आहे म्हणून मुद्दाम सांगतो की, धान्याच्या किंवा सोयाबीनच्या पोत्यांशेजारी ही गाडी उभी करू नये. पोत्यांमागे उंदीर येतात, आणि उभ्या गाडीच्या बॉनेटमध्ये शिरून वायरी कुरतडणे हे त्यांचे ठरलेले काम असते.

उभी गाडीच खराब होते, हे मी प्रत्येक मालकाला सांगतो. दर आठवड्याला अर्धा तास, इंजिन पूर्ण तापेपर्यंत आणि छत एकदा उघडून-मिटून, ती चालवलीच पाहिजे. पेट्रोलमुळे आता हे अधिक गरजेचे झाले आहे. 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्वत्र आले आहे. ते इथेनॉल आपल्याच उसापासून आणि मक्यापासून बनते, पण ते हवेतली ओल शोषते आणि जुन्या रबरी नळ्यांना सोसत नाही. एप्रिल 2023 पासून बनलेल्या गाड्यांचे साहित्य या पेट्रोलला सोसणारे असते. तुम्ही पाहिलेल्या गाड्या त्याआधीच्या आहेत, म्हणून इंधनाच्या नळ्या आणि सील तपासून घ्यावेत, टाकीच्या झाकणामागची ऑक्टेनची सूचना वाचावी आणि दोन-तीन महिने जुने पेट्रोल टाकीत ठेवू नये.

एक गोष्ट गाडी आल्यावर महिन्याभरात तुमच्या दारी येईल, ती म्हणजे वरातीसाठी मागणी. नात्यातले, मित्रांतले, ओळखीतले लोक मागतील आणि नाही म्हणणे जड जाईल, तरी नाहीच म्हणावे. वरातीत गाडी डीजेमागे दोन-दोन तास पहिल्या गिअरमध्ये सरकते, टर्बो इंजिन तापते, नवरदेव सगळ्यांना दिसावा म्हणून त्याला घडी झालेल्या छतावर बसवले जाते आणि छताचा सांगाडा वाकला की छत पुन्हा नीट मिटत नाही. त्याहून वाईट गुलाल. तो कापडाच्या विणीत, चामड्याच्या शिवणीत आणि मघाशी सांगितलेल्या नळ्यांत जाऊन बसतो, ओला झाला की रंग सोडतो आणि गालिचा बाहेर काढून धुतल्याशिवाय जात नाही. याउलट शाळकरी पोरांना गाडीत बसून बघायचे असेल, फोटो काढायचा असेल, तर आनंदाने बसू द्यावे. असे आठवणीत राहिलेले एखादे पोर पुढे या कामाकडे वळते, हे मी पाहिले आहे.

आता रस्ते. लातूरहून रेणापूरमार्गे अंबाजोगाई हा बालाघाटाच्या पठारावरचा रस्ता हिवाळ्याच्या सकाळी अतिशय सुरेख असतो. पायांकडे हीटर आणि डोक्यावर थंड हवा, हे सुख बंद गाडीत मिळत नाही. औसा, तुळजापूर, नळदुर्ग अशी रविवारची फेरी करता येते, दोन किल्ले आणि मध्ये देवीचे दर्शन होते. येडशीजवळचा रामलिंगचा घाट श्रावणात हिरवागार असतो. आमच्याकडे येण्याचा योग आला तर दौलताबाद, खुलदाबाद आणि वर म्हैसमाळ ही वाट सकाळी लवकर, पर्यटकांच्या बसगाड्या सुरू होण्याआधी घ्यावी.

अंधार पडल्यावर, विशेषतः कारखान्यांच्या हंगामात, ही गाडी बाहेर काढू नये. मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या आपल्याला उंच गाडीतूनही उशिरा दिसतात. या गाडीत चालकाचे डोळे आणखी खाली असतात आणि ट्रॉलीबाहेर आलेले ऊस नेमके काचेच्या उंचीवर येतात. दिवसाही ट्रकच्या बाजूने रेंगाळू नये, कारण ट्रकचालकाला आपली गाडी दिसतच नाही. हेडलाइट दिवसा लावून ठेवावेत. उन्हाचे म्हणाल तर सकाळी नऊनंतर छत लावून घ्यावे. वाऱ्यामुळे चटका जाणवत नाही आणि कपाळ व उजवा हात भाजून निघतो. टोपी वाऱ्याने उडते, म्हणून डोक्याला उपरणे घट्ट बांधावे.

कागदपत्रांपैकी एवढेच सांगतो की, पुण्याची गाडी तुमच्या नावावर एमएच-24 च्या कार्यालयात येताना फॉर्म 28, 29 आणि 30 लागतील आणि कर्ज असेल तर बँकेचा बोजा उतरवलेला हवा. विमा झिरो डेप, म्हणजे भागांच्या किमतीत घट न धरणारा, घ्यावा. साध्या विम्यात रबर, नायलॉन आणि प्लॅस्टिकच्या भागांवर निम्मी घट धरतात, आणि या गाडीत असे भाग पुष्कळ आहेत. छताचे कापड आणि त्याची यंत्रणा कोणत्या वर्गात धरणार, हे कंपनीकडून लेखी घ्यावे.

मिनीचा व्यवहार ठरवण्याआधी मालकाला सांगून ती धुवायला लावा, तुमच्यासमोर छतावर पाच मिनिटे साध्या नळाचे पाणी सोडा आणि मग आतला गालिचा चाचपा. तो कोरडा निघाला, छत तिसऱ्यांदाही एकसुरात चालले आणि टायर सहा वर्षांच्या आतले असले, तर विसार देऊन टाका.